सिकलसेलचे गणित सोयरिकीआधी शिकवा

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झाली. १७ राज्यांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांचे रक्त तपासायचे आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून शिल्लक राहू द्यायचा नाही, असे तिचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्राने स्वतःचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम त्याच्या कितीतरी आधी हाती घेतला होता. त्यामुळे भंडारा जिल्ह्यात, तुमसरपासून लाखांदूरपर्यंत, ‘सिकल’ म्हणजे काय हे आता कुणाला नव्याने सांगावे लागत नाही. हातपाय ठणकणारे, वरचेवर रक्त चढवावे लागणारे, शाळा बुडणारे मूल म्हणजे सिकलचा पेशंट, एवढे सगळ्यांना माहीत आहे. पण आजाराचे नाव माहीत असणे वेगळे आणि तो घरात कसा उतरतो याचा हिशेब माहीत असणे वेगळे. हा हिशेब नीट पाहिला तर एक गोष्ट टाळता येत नाही. नुसत्या तपासणीने, ती कितीही कोटींची असली तरी, हा प्रश्न सुटणार नाही. आनुवंशिकतेचे साधे गणित इथल्या प्रत्येक पिढीला, तिच्या सोयरिकी जुळण्याच्या आधी, पुन्हा पुन्हा शिकवत राहावे लागेल. आज आपण पहिल्या कामाला मोहीम म्हणतो आणि दुसऱ्याला पत्रक वाटून मोकळे होतो.

आधी मूळ यंत्रणा पाहू. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे २३ जोड्या. ही संख्या आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, पण १९५६ मध्ये जो हिन तिजो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी स्वीडनमधल्या लुंड इथे ती नीट मोजेपर्यंत जगभरचे शास्त्रज्ञ ४८ हाच आकडा धरून चालले होते. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून येते, एक वडिलांकडून. त्यामुळे त्यांवरची जनुकेही दोन-दोन असतात. अकराव्या गुणसूत्रावरचे एक जनुक रक्तातल्या हिमोग्लोबिनची ‘बीटा’ नावाची साखळी तयार करते. ही साखळी १४६ अमिनो आम्लांची असते. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसले की हिमोग्लोबिन ‘ए’चे हिमोग्लोबिन ‘एस’ होते. बदल एवढाच, १४६ पैकी एका जागचा. प्राणवायू सोडल्यानंतर हे बदललेले रेणू एकमेकांना चिकटून लांबट होतात, आणि गोल, लवचिक लाल पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ बनते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, तिथून वेदना सुरू होतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून अंगात रक्त टिकत नाही. लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये या आजाराचे मूळ रेणूत असल्याचे दाखवले. त्याच वर्षी जेम्स नील यांनी तो आनुवंशिकतेच्या कोणत्या नियमाने उतरतो हे सांगितले. नेमका बदल कुठे आहे तो शोध व्हर्नन इन्ग्रॅम यांचा, १९५६-५७ मधला.

हा नियम म्हणजे ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्याच्या रोपांवरून काढलेला, १८६६ मध्ये छापलेला आणि १९०० पर्यंत विस्मरणात गेलेला नियम. मेंडेलच्या आधी, आणि आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत, समज असा की आई-बापांचे रक्त मुलात मिसळते आणि त्या मिश्रणातून गुण ठरतात. मिसळण्याचा हा समज खरा असता तर दोष पिढीगणिक पातळ होत गेला असता. मेंडेल यांनी दाखवले ते याच्या उलट. गुणांचे वाहक सुटे असतात. ते एकमेकांत विरघळत नाहीत, एक दुसऱ्याला झाकतो एवढेच, आणि झाकलेला पुढच्या पिढीत जसाच्या तसा बाहेर येऊ शकतो. ज्याच्याकडे एक जनुक ‘ए’ आणि एक ‘एस’ आहे तो वाहक. त्याला आजार नसतो. तो धानाच्या बांधीत राबतो, विटा वाहतो, म्हातारा होतो आणि आयुष्यभर त्याला काही कळतही नाही. दोन्ही जनुके ‘एस’ असली की माणूस रुग्ण होतो. ‘आमच्या सात पिढ्यांत कुणाला नव्हता, मग आमच्याच लेकराला कसा?’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. सात पिढ्या जनुक होतेच, पण एकटे होते. यंदा त्याची जोडी जमली.

जोडी जमण्याचे प्रमाण सांगताना सगळ्यात जास्त घोटाळा होतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि दोन्ही जनुके निर्दोष असण्याची चारात एक. ‘चारात एक’ म्हटले की ऐकणारा समजतो, चार मुलांपैकी एक आजारी निघेल, बाकी तीन सुटले. पहिले मूल आजारी निघाले की त्याला वाटते, आता वाटा संपला, पुढची तिघे चांगली होणार. हे चूक आहे आणि या चुकीने घरे उद्ध्वस्त होतात. नाणे उडवताना आधी काय पडले हे नाण्याच्या लक्षात राहत नाही, तसा प्रत्येक गर्भधारणेत हा हिशेब पहिल्यापासून सुरू होतो. चारही मुले निरोगी निघतील किंवा लागोपाठ दोघे रुग्ण निघतील, दोन्ही या नियमातच बसते. हाच हिशेब आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. रुग्ण मुलाला एक ‘एस’ आईकडून आलेला असतो आणि एक बापाकडून, बरोबर निम्मा निम्मा. तरीही मूल आजारी निघाले की बोट सुनेकडे आणि तिच्या माहेराकडे वळते. मुली झाल्या म्हणून बाईला दोष देताना लिंग ठरवणारे वाय गुणसूत्र फक्त पुरुषाकडून येते हे विसरले जाते, तसेच हे. गुणसूत्रांचे ज्ञान या बाबतीत सरळ न्यायाच्या बाजूने उभे राहते. ते घराघरांत पोहोचवायचे याचे माझ्या मते हे एकच कारण पुरेसे आहे.

हे जनुक इथेच इतके का, याचेही उत्तर लोकांना मिळाले पाहिजे. नाहीतर त्याची जागा शाप, करणी आणि कुळाचा दोष घेतात. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासावरून दाखवले की वाहक मुलांना जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. हिवतापाच्या मुलखात ज्याच्याकडे एक ‘एस’ आहे ते मूल जगण्याची शक्यता जास्त, म्हणून शेकडो पिढ्यांत हे जनुक तिथे टिकले आणि वाढले. जंगल, पाणी आणि डास यांनी भरलेल्या मध्य भारताला हे वर्णन लागू पडते. तळ्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जाणारा भंडारा याच पट्ट्यात येतो. म्हणजे इथल्या माणसांच्या अंगातला हा वारसा म्हणजे पूर्वजांना वाचवणारी ढाल होती, ती पुढे महाग पडली. भारतात हे जनुक पहिल्यांदा नोंदले गेले १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली ती १९५८ मध्ये. त्यानंतरच्या अभ्यासांतून विदर्भाचे चित्र स्पष्ट झाले आहे. इथे सिकलसेल गोंड आणि इतर आदिवासी समाजांत आहे, बौद्ध समाजात आहे, काही इतर मागासवर्गीय जातींतही आहे. राष्ट्रीय मोहिमेचा चेहरा मात्र मुख्यतः आदिवासी आहे. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याच्या १२ लाख लोकसंख्येत अनुसूचित जमाती ७ टक्क्यांच्या थोड्या वर आणि अनुसूचित जाती जवळपास १७ टक्के होत्या. ‘हा आदिवासींचा आजार’ असे म्हणत राहिलो तर जिल्ह्यातल्या वाहकांचा फार मोठा भाग आपण स्वतःहून नजरेआड करू.

जनुक काही समाजांत दाट आणि शेजारच्याच समाजात विरळ का, याचे कारण लग्नाच्या रिवाजात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचा गाभा म्हणजे जातीअंतर्गत विवाह, असे मांडले. त्यांचा विषय समाजशास्त्राचा होता, पण त्यांनी दाखवलेल्या बंद कुंपणाचा परिणाम गुणसूत्रांवरही होतो. एखाद्या समाजात दर दहा माणसांत एक वाहक आहे असे धरू. पूर्व विदर्भातल्या काही समाजांसाठी हा अंदाज अवास्तव नाही. लग्ने समाजातच, पण रक्त न तपासता जुळली, तर दर शंभर जोडप्यांत सरासरी एका जोडप्यात दोघेही वाहक असतील आणि दर चारशे बाळांमागे एक रुग्ण जन्मेल. त्याच वाहकांची लग्ने जिथे हे जनुक नाही अशा समाजांत झाली तर रुग्ण बाळ जन्मण्याचा प्रश्नच उरत नाही. आता यात नातेसंबंध घाला. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेचा अभ्यास करताना महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्नाला मिळणाऱ्या पसंतीची नोंद केली आहे. गोंड समाजातही आते-मामे भावंडांच्या लग्नांची जुनी परंपरा आहे. एखाद्या मुलाला ‘एस’ आईकडून आला असेल तर मामाकडेही तो असण्याची शक्यता निम्मी आणि मामाच्या मुलीकडे असण्याची त्याच्या निम्मी, म्हणजे चारात एक. परक्या घरातल्या मुलीसाठी दहात एक असलेली शक्यता इथे चारात एक होते. यासाठी मामाची मुलगी करूच नका असा फतवा काढायची गरज नाही. दोघांचे रक्त तपासा, शंका फिटेल. पण ‘घरातली पोर आहे, आपल्या पाहण्यातली आहे, तिला काय तपासायचे?’ हा युक्तिवाद मात्र पूर्ण उलटा आहे. घरातली आहे म्हणूनच आधी तपासायचे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. समजा, सगळे मोहिमेच्या मनासारखे घडले. प्रत्येक वाहक ओळखला गेला आणि प्रत्येकाने वाहक नसलेला जोडीदार निवडला. शंभर वाहकांची शंभर निर्दोष जोडीदारांशी लग्ने झाली, प्रत्येक जोडप्याला दोन मुले झाली. दोनशे मुलांत रुग्ण एकही नाही. पण प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता निम्मी, म्हणून दोनशेत वाहक किती? सरासरी शंभर. जितके आधीच्या पिढीत होते तितकेच. आजार थांबला आणि जनुक मात्र पूर्वीइतकेच राहिले. पूर्वी रुग्ण मुले लहानपणी दगावत आणि त्यांच्याबरोबर दोन-दोन ‘एस’ संपत, तेही आता होणार नाही. म्हणजे आपण जितके यशस्वी होऊ तितके हे जनुक निमूटपणे, कुणाला त्रास न देता, पुढे जात राहील. यात वाईट काही नाही. वाहक निरोगीच असतो. पण याचा अर्थ असा की एका पिढीने जागरूक राहून भागणार नाही. दोन पिढ्या घरात रुग्ण नाही म्हणून तिसरी पिढी निर्धास्त झाली की चारात एकचा हिशेब पुन्हा तिथेच उभा आहे. मोहिमेच्याच तारखा पाहा. २०२६ मध्ये जन्मलेले मूल २०४७ मध्ये २१ वर्षांचे होईल. आपण ज्या वर्षी निर्मूलन जाहीर करू पाहतो आहोत, त्याच वर्षी त्याच्या लग्नाची बोलणी सुरू होतील. पाळण्यात असताना झालेल्या तपासणीचा निकाल तेव्हा कुणाच्या लक्षात असेल? ते कार्ड कुठल्या पेटीत, घर बदलताना कुठल्या गठ्ठ्यात गेले असेल?

म्हणून मी शाळेकडे वळतो. राज्याच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकतेवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात सिकलसेल ॲनिमियाही आहे. याचे श्रेय अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना दिले पाहिजे. पण मुंबई-पुण्यातल्या मुलाला तो धडा जसा शिकवला जातो, त्याच तऱ्हेने तो साकोली-पवनीच्या मुलालाही शिकवला जातो: व्याख्या, आकृती, दोन गुणांचा प्रश्न. पूर्व विदर्भातल्या शाळांत हा धडा वेगळ्या गांभीर्याने शिकवायला हवा. मुलांनी स्वतः चौकट मांडून वाहक आणि निर्दोष, वाहक आणि वाहक, रुग्ण आणि निर्दोष अशा तिन्ही जोड्यांचे गणित सोडवावे. नाणी उडवून शंभर ‘बाळांची’ नोंद करावी आणि सलग तीन वेळा तोच निकाल कसा येऊ शकतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. ‘चारात एक’ म्हणजे वाटणी नव्हे, हे एकदा असे कळले की माणूस ते विसरत नाही. एक खबरदारी मात्र घेतलीच पाहिजे. वर्गात कुणाच्याही घरचे निकाल आणायचे नाहीत, कुणाचीही खरी वंशावळ फळ्यावर काढायची नाही. रक्ताच्या निकालांतून कधी कधी पितृत्वाबद्दलचे प्रश्नही उभे राहतात. त्यांची जागा समुपदेशकाच्या बंद खोलीत आहे, वर्गात नाही. उदाहरणे काल्पनिक घ्यावीत. गणित तेच राहते.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. पत्रिका जुळवण्याच्या खुळातून समाज कसाबसा बाहेर पडतो आहे, आता रक्ताची नवी पत्रिका त्याच्या हातात देता का? वाहक निघालेल्या मुलीचे काय होईल? ही भीती खोटी नाही, इतिहासात तसे घडले आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक राज्यांनी सिकलसेलच्या सक्तीच्या तपासणीचे कायदे केले, पण समजावून सांगण्याची व्यवस्था केली नाही. निरोगी कृष्णवर्णीय वाहकांना नोकरी आणि विमा नाकारला जाऊ लागला. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीची दारे त्यांना १९८१ पर्यंत बंद होती. ज्यांनी या आजाराचे मूळ उलगडले त्या पॉलिंग यांनीच १९६८ मध्ये वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदावी असे सुचवले होते. एवढ्या मोठ्या बुद्धीचा माणूसही माणसाऐवजी जनुकाकडे पाहू लागला की कुठवर जातो, ते यातून दिसते. आपल्याला याहून जवळचा दाखला ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावाचा आहे. तिथेही लग्ने घरची माणसे जुळवत. गावाची तपासणी झाली, वाहकांना निकाल सांगितले गेले, आणि काही वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा दिसले की वाहकांवर बट्टा लागला होता, लोक निकाल लपवून सोयरिकी करत होते आणि रुग्ण बाळांच्या जन्माचा धोका कमी झालेला नव्हता.

या अनुभवावरून ‘तपासू नका’ असा निष्कर्ष काढणे मला चूक वाटते. ऑर्कोमेनोसमध्ये तपासणी पोहोचली, गणित पोहोचले नाही. ते पोहोचले असते तर निर्दोष मुलाच्या घराने वाहक मुलगी नाकारली नसती, कारण त्या जोडप्याला रुग्ण मूल होऊच शकत नाही. धोका अशाच जोडीत आहे, जिथे दोघांकडेही ‘एस’ आहे. भंडाऱ्यातही मुलगी वाहक आहे एवढ्यावरून बोलणी मोडत असतील तर तो अर्धवट माहितीचा दोष आहे. त्यावर उपाय उरलेली माहिती देणे हा आहे, असलेली काढून घेणे हा नाही. त्यात मुलाची तपासणी आधी व्हावी, निदान बरोबरीने व्हावी, हा आग्रह समाजाच्या पुढाऱ्यांनी धरला पाहिजे. मुलाचा निकाल पक्क्या चाचणीत निर्दोष असेल तर मुलीचे रक्त विचारण्याचे कारणच उरत नाही. सायप्रसमध्ये थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजारासाठी लग्नाआधीच्या तपासणीला चर्चनेही साथ दिली. तिथे ठरलेली लग्ने फारशी मोडली नाहीत. जोडप्यांनी माहिती घेतली, लग्न केले आणि गर्भावस्थेतल्या तपासणीचा आधार घेतला. रुग्ण बाळांचे जन्म जवळजवळ थांबले. लहान, एकमेकांना ओळखणाऱ्या समाजात हे होऊ शकते याचा हा पुरावा आहे.

दुसरा आक्षेप हक्काचा. दोन वाहकांचे एकमेकांवर मन बसले तर त्यांनी लग्न करू नये का? कायदा त्यांना अडवत नाही आणि अडवूही नये. कुणी कुणाशी संसार करावा हे शासनाने रक्ताच्या निकालावरून ठरवायला लागले की विसाव्या शतकात वंशशुद्धीच्या नावाखाली जे घडले त्याच वाटेवर आपण जाऊ. या जोडप्याला पर्याय माहीत असले पाहिजेत, एवढेच. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यात हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी गर्भाची तपासणी करायला परवानगी आहे. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा सूक्ष्म अंश घेऊन ती करता येते. पुढचा निर्णय त्या दोघांचा. दत्तक हाही रस्ता आहे. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण प्रतिबंधाच्या भाषणांत ती सतत निसटते. आज जे रुग्ण आहेत ते चुकून जन्मलेली माणसे नाहीत. त्यांच्यासमोर ‘असे मूल जन्मूच नये’ असे बोलणारा वक्ता, हेतू कितीही चांगला असला तरी, त्यांना घायाळ करतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. नागपूरचे संपत रामटेके यांच्यासारख्यांनी रुग्णांच्या घरांना बरोबर घेऊन वर्षानुवर्षे काम केले, त्याची दखल २०१८ च्या पद्मश्रीने घेतली. प्रतिबंधाचे शिक्षण या हक्कांच्या पोटात बसले पाहिजे.

तिसरे म्हणणे असे की आधी उपचार द्या, मग गणित शिकवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या नसतील, वेदनेने तळमळणाऱ्या मुलाला रात्री नागपूरला न्यायला गाडी नसेल तर मेंडेल काय कामाचा? मला हे म्हणणे अर्धे मान्य आहे. हायड्रॉक्सियुरिया हे स्वस्त औषध रुग्णाच्या रक्तात, गर्भावस्थेत असते त्या प्रकारच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि वेदनेचे झटके कमी करते. कमी मात्रेतही त्याचा मुलांना चांगला उपयोग होतो हे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या अभ्यासाने दाखवले आहे. ते प्रत्येक रुग्णाला विनाखंड मिळालेच पाहिजे, आणि न मिळाल्यास त्याचा जाब विचारला गेला पाहिजे. पण उपचार आणि शिक्षण यांच्यात निवड करायची वेळ कुणी आणलेली नाही. एकाला औषधसाठा लागतो, दुसऱ्याला असलेल्या शिक्षकांचे दोन तास लागतात. जनुकोपचार आला की सगळे सुटेल असेही काही जण म्हणतात. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने ‘कॅसजेव्ही’ या पहिल्या जनुकसंपादन उपचाराला मान्यता दिली. विज्ञानाची ही फार मोठी झेप आहे. पण अमेरिकेत एका रुग्णामागे त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. शिवाय त्यात रुग्णाच्या रक्तपेशी बदलतात, त्याच्या बीजपेशी नाहीत. बरा झालेला माणूसही आपल्या प्रत्येक मुलाला एक ‘एस’ देणारच. म्हणजे उद्या हा उपचार लाखांदूरमध्ये फुकट मिळाला तरी सोयरिकीचे गणित तसेच राहते.

तपासणीच्या पद्धतीबद्दलही लोकांना दोन गोष्टी कळायला हव्यात. गावात जी पहिली, विद्राव्यतेची चाचणी होते ती ‘एस’ आहे एवढेच सांगते. वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या चाचणीतूनच ठरते. पहिल्या चाचणीवरून कुणाला आजारी म्हणणे अन्याय आहे. दुसरे, ही पहिली चाचणी बीटा थॅलेसेमियाचा वाहक ओळखत नाही. एकाकडे ‘एस’ आणि दुसऱ्याकडे थॅलेसेमियाचे जनुक असेल तरी मूल आजारी होऊ शकते. त्यामुळे एक जण वाहक निघाला की दुसऱ्याची एचपीएलसी करूनच घ्यावी. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भातले हिमोग्लोबिन भरपूर असते, तेव्हा ही साधी चाचणी फसवते. ‘लहानपणीच तपासले, काही नव्हते’ असे म्हणणाऱ्यांनी कोणत्या वयात आणि कोणत्या चाचणीने तपासले ते पाहावे.

जिल्ह्यात हे सारे वेळेवर घडायचे तर वेळ कोणती हे ठरवावे लागेल. साक्षगंधाच्या आदल्या आठवड्यात केलेली तपासणी ही सर्वांत वाईट वेळेची तपासणी. तेव्हा पाहुण्यांना निमंत्रणे गेलेली असतात, शब्द दिलेला असतो आणि निकाल नकोसा निघाला तर तो लपवण्याकडेच सगळ्यांचा कल असतो. दरवर्षी समाजासमाजांचे वधू-वर परिचय मेळावे भरतात, त्यांच्या पुस्तिका निघतात. त्या पुस्तिकेत कुणाचाही निकाल छापू नये, तो खासगी आहे. पण ‘तपासणी झाली आहे का?’ एवढा प्रश्न मुलगा आणि मुलगी दोघांच्याही अर्जात असावा आणि मेळाव्याच्या जागी समुपदेशकाला एक टेबल मिळावे. ग्रामपंचायतीच्या फलकावर किंवा व्हॉट्सॲपच्या गटात वाहकांच्या याद्या फिरता कामा नयेत, आणि फिरल्या तर फिरवणाऱ्याला जबाबदार धरणारा अधिकारी तालुक्याला नेमलेला असावा. पाळण्यातल्या बाळाच्या नावाने दिलेले कार्ड घरच्यांच्या ताब्यात राहते, तेव्हा आरोग्य विभागाने वयाच्या अठराव्या वर्षी, कनिष्ठ महाविद्यालयात किंवा आयटीआयमध्ये, ते त्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात नव्याने द्यावे. त्याच भेटीत चौकटीचे गणित पुन्हा एकदा समजावून द्यावे आणि कार्ड दाखवायचे की नाही, कुणाला आणि केव्हा, हे ठरवायचा अधिकार तिचा किंवा त्याचा आहे, हे आई-वडिलांसमोर सांगावे.